माणसांना सक्त मनाई

ग्राउकारच्या डोंगरघरात एक रात्र काढायची, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही फेब्रुवारीपासून दर गुरुवारी खानावळीत बसत होतो. आमच्या खोऱ्यात डोंगर चढणं हे दुय्यम काम आहे. मुख्य काम ठरवणं. किती वाजता निघायचं, कुठल्या झऱ्यावर थांबायचं, धुरावलेलं डुकराचं मांस पातळ कापायचं की जाड, आणि वरच्या सामायिक गाद्यांवर कासियानच्या शेजारी कुणी झोपायचं, कारण कासियान घोरतो. कासियान, रोमेड आणि मी, आम्ही तिघं दरवर्षी जायचो. वर जायला वाट एकच आहे आणि तिच्यावर झराही एकच. तरी चर्चा व्हायचीच. हिवाळा लांब असतो, आणि टीव्हीवर स्कीइंगशिवाय काही नसतं.

यंदा मात्र ठरवण्यासारखं खरोखरच काही होतं.

एक म्हणजे डोंगरघर पाडणार होते. त्याच्याखालची जमीन आमच्या खापरपणज्यांच्याही आधीपासून गोठलेली होती, ती आता विरघळायला लागली होती. भिंतींना तडे गेले. जेवणघर एका बाजूला उतरलं, त्यामुळे सूप ताटलीच्या एकाच कडेला जाऊन बसायचं. डोंगरघर चालवणारी बुर्गी पाहुण्यांना सांगायची, उंचीवर चक्कर येते, तसं वाटतं. शेवटी तपासायला इंजिनियर आला, तोही जेवणघरात तिरका उभा राहिला, आणि आमच्या गिर्यारोहण मंडळाने ठराव केला: सप्टेंबरचा शेवटचा शनिवार ही शेवटची रात्र. सोमवारी मालाच्या पाळण्याची तार उतरवायची, त्यानंतर हेलिकॉप्टर येऊन तुळया घेऊन जाणार.

दुसरं म्हणजे रोमेडचा डावा पाय गेला होता.

रोमेड तीस वर्षं मंडळातर्फे त्या डोंगरघराचा प्रमुख होता. या पदाला पगार नसतो, फक्त तक्रारी असतात. छपराचे पत्रे त्याने बसवले, पाण्याचा नळ त्याने ओढला, खालून माल चढवणारा पाळणा त्याने उभारला. गेल्या शरदात त्याला पक्षाघाताचा झटका आला. पाय गेला, जीभ शाबूत राहिली. ही देवाची कृपा की आमच्यावरचा राग, याबद्दल कासियान आणि माझ्यात मतभेद होते.

काठी टेकत तो खानावळीपर्यंत यायचा. पूर्वी तेवढ्या वेळात त्याची अर्धी चढण व्हायची. एका गुरुवारी, आम्ही दोघं मांसाच्या जाडीवर भांडत असताना, तो मध्येच म्हणाला, "मला ते पाडताना बघायचं नाही. पण त्याआधी एक रात्र आत झोपायचंय. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून." आणि मग त्याने मोहरीची चटणी मागितली.

रोमेडने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, चटणी सोडून. त्यामुळे मांसाचं भांडण तिथेच राहिलं.

"बचावपथकाचं हेलिकॉप्टर," कासियान म्हणाला. "वाटेवर जाऊन पड. म्हण, पाय मोडला. नेतील."

"ते खाली नेतात, गाढवा. वर नाही."

"मग पाठीवर घेऊ."

हे शूर विधान होतं. कासियानचा आणि माझा मिळून एकच गुडघा धड होता, आणि त्याचंही ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं होतं.

राहिला पाळणा. पाळणा म्हणजे फळ्यांची उघडी पेटी. ती तारेला लटकते आणि बिअरची पिंपं, पाव, बटाटे, पाहुण्यांच्या पाठपिशव्या घेऊन वर जाते. आम्ही घाम गाळत सकाळभर जे चढतो ते ती एक पाइप ओढून होईपर्यंत चढते. खालच्या शेडवर रोमेडने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: माणसांना सक्त मनाई. त्याने ती पाळलीही. वरच्या क्रुसाला आशीर्वाद द्यायला बिशप आले, तेव्हा बिशपची टोपी पाळण्यातून गेली आणि बिशप चालत. आमच्याकडे हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. रोमेडने त्या दिवशी ते खालच्या शेडपाशीच सुरू केलं. "तुला दम लागला तर बस," असं तो बिशपना म्हणाल्याचं अजून सांगतात.

मे महिन्यात बुर्गी खाली खरेदीला आली, तेव्हा आम्ही तिला टेबलाशी बसवलं आणि विषय काढला. रोमेड समोरच होता, पण तो विषय आपला नाही अशा थाटात तो सूप पीत होता.

"पाळण्यात?" बुर्गी म्हणाली. "याला? माझा घोटा मोडला होता, तेव्हा मी याच्या हातापाया पडले होते. म्हटलं, रोमेड, मला रिकाम्या पिंपांबरोबर खाली सोड. काय म्हणाला होतास रे?"

"'तू पिंप आहेस का?' असं म्हणालो होतो."

"आणि चार जणांच्या पाठीवरून आणलं मला. दोनदा पाडलं."

"एकदा."

"दोनदा. एकदा तू पुढे होतास, तुला दिसलं नाही." तिने त्याच्या काठीकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे, आणि मग रागावल्यासारखी खिडकीबाहेर. "बसवा त्याला. मंडळाला कळलं तर काय करतील? शेवटच्या रात्री मला कामावरून काढतील?"

रोमेडने चमचा खाली ठेवला. "ज्याला चालत वर जाता येत नाही, त्याचं वर काही काम नाही," तो म्हणाला आणि उठून निघाला. रागाने निघून जाणं ही आता त्याच्यासाठी मोठी मोहीम होती. खुर्ची, काठी, टेबलाची कड, मग दार. मध्ये थांबून त्याला श्वास घ्यावा लागला. कुणी मदतीला उठलं नाही, कारण ते त्याला आवडलं नसतं. तो दारापाशी पोचेपर्यंत आम्ही सगळे आपापल्या ताटलीत बघत होतो.

पुढच्या गुरुवारी तो आला तो बेत घेऊनच. पाळण्यात पाठ दरीकडे करून बसायचं. कमरेला आणि खांद्यांना पट्टे. आधी त्याच्या वजनाचे बटाटे वर पाठवून बघायचे. खाली यंत्रावर मी, वर बुर्गी. तो पोचला की आम्ही दोघांनी चालत निघायचं. तीस वर्षांत त्याला कुणी इतकं खूश पाहिलं नव्हतं. तो खूश होता म्हणजे आम्हाला सारखा मूर्ख म्हणत होता. जूनमध्ये बटाटे गेले, जुलैत परत गेले. "बटाटा बोलत नाही, हाच फरक," कासियान म्हणाला.

मग वाऱ्याचा प्रश्न निघाला. यंत्रावरच्या पत्र्यावर मालासाठी वाऱ्याची मर्यादा लिहिली आहे: ताशी साठ किलोमीटर. माणसांसाठी काहीच नाही, कारण माणसांना मनाई.

"मग आपण किती धरायचा?" मी विचारलं.

रोमेडने मान वर केली, भिंतीकडे पाहत घोट घेतला. "चाळीस. त्याच्यावर गेला की पाळणा हलवायचा नाही." मग त्याने आमच्या दोघांची मनगटं धरली, डाव्या हातात जोर नव्हता, तरी धरलं. "आणि ऐका. वर जायचं असलं की माणूस काहीही बोलतो. मी बघितलंय. रडतात, शिव्या देतात, आईची आठवण काढतात. त्या दिवशी मीही बोलेन. ऐकायचं नाही. शपथ घ्या."

मुळांच्या कडू दारूवर आम्ही शपथ घेतली. आमच्याकडे वर पोचलेल्यापेक्षा वेळेवर परत फिरलेल्याला जास्त मान असतो. कासियानचा बाप एकाच शिखरावरून पाच वेळा परत फिरला होता. थडग्यावर तसं कोरलं आहे.

शनिवारी पहाटे मी खिडकी उघडली आणि कपाळाची शीर ठणकली. दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. हा वारा सुटला की आमच्या खोऱ्यात निम्म्यांची डोकी दुखतात, जोडपी वीस वर्षांपूर्वीची भांडणं उकरून काढतात, आणि शाळामास्तर वह्या तपासत नाहीत. एरवी दिवस देखणा असतो. हवा इतकी स्वच्छ होते की वरचा दगडन् दगड हात लावण्याइतका जवळ दिसतो. खालच्या शेडपाशी उभं राहिलं की डोंगरघर दिसत होतं, त्याची हिरवी तावदानं दिसत होती, आणि चिमणीतून निघणारा धूर. धूर सरळ वर जात होता. तिथे कड्याच्या आडोशाला पानही हलत नव्हतं.

रोमेड दाढी करून, मंडळाची पिसाची टोपी घालून आला होता. आम्ही त्याला पाळण्यात बसवलं, पट्टे बांधले, पायांवर घोंगडी घातली. त्याने पट्टे तपासून एक पुन्हा बांधायला लावला. मग मी शेडमधल्या तबकडीवर वाऱ्याच्या मीटरचा आकडा पाहिला.

सेहेचाळीस.

"थांबू थोडं," मी म्हटलं.

"थांबू," रोमेडही म्हणाला. तेव्हा तो अजून प्रमुख होता.

थोड्या वेळाने वरून फोन आला. बुर्गीचा आवाज एवढा की फोन कानाला लावायची गरज नसते.

"पाठवताय की नाही? सूप चढवलंय मी."

"सेहेचाळीस दाखवतोय."

"कोण?"

"मीटर. वारा."

"कसला वारा? इथे अंगणात टेबलावर मेणबत्ती जळतेय!"

"मीटर तुझ्या टेबलावर नाही, बुर्गी. तारेच्या दुसऱ्या खांबावर आहे. तिथे खिंडीतून वारा येतो."

"तिथे कुठल्या शहाण्याने बसवला तो?"

"मी," पाळण्यातून रोमेड म्हणाला.

दुपारपर्यंत आम्ही बसलो. मंडळाची माणसं गिटार आणि झेंडा घेऊन शेडवरून चालत वर गेली. रोमेडला पाळण्यात बसलेला पाहून त्यांनी टोप्या काढल्या आणि काही विचारलं नाही. कासियानने डब्यातून उकडलेले पावाचे गोळे काढले, रोमेडला भरवायला गेला आणि शिवी खाऊन परत आला. मीटर वर गेला, खाली आला. एकदा एक्केचाळीसवर येऊन थांबला.

"एक्केचाळीस म्हणजे चाळीसच," रोमेड म्हणाला.

"चाळीसच्या वर."

"ओस्वाल्ड. एका आकड्यासाठी?"

"बिशपना तू काय म्हणाला होतास? एकाला बसवलं की उद्या—"

"बिशप जाडा होता."

मीटर पुन्हा पंचेचाळीसला गेला आणि एक्केचाळीसला परत आला नाही.

मग तो बोलायला लागला. त्याने सांगितलं होतं तसंच, क्रमाने. आधी हुकूम: मी अजून मंडळाचा सभासद आहे. मग शिव्या: माझ्या पोटापाण्याच्या लिखाणावर, कासियानच्या घोरण्यावर, आमच्या दोघांच्या बापांवर. शपथेत हे सगळं धरलेलं होतं. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

"मी सांगतो तुम्हाला तो चाळीस कुठून आला," तो अचानक साध्या आवाजात म्हणाला. "तुम्ही विचारलंत, किती. मला काय माहीत किती? माणसांचं कुणी कधी मोजलेलंच नाही. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कासियानच्या गाईचा फोटो आहे, प्रदर्शनातला. शिंगाला नंबर बांधलाय. तो वाचला आणि बोललो. गाईचा नंबर आहे तो, ओस्वाल्ड."

मी कासियानकडे पाहिलं. काहीही बोलतात, त्याने सांगितलं होतं. ऐकायचं नाही.

कासियानचा चेहरा उतरला. "चाळीसच होता," तो म्हणाला. "तिचा नंबर. पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"त्याला तो फोटो पाठ आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं त्याच्यासमोर बसतोय. आत्ता आठवला."

"पण चाळीसच होता रे."

कासियानचा हात यंत्राच्या दांडीकडे गेला. मी त्याच्या आधी किल्ली काढली आणि खिशात घातली. मला त्या क्षणी फार शहाणं वाटलं. डोंगरात अपघात कसे होतात, हे आम्हाला शिकवलं गेलं होतं: कुणीतरी भला माणूस मऊ पडतो. आणि शिकवणारा समोर पट्ट्यांत बांधलेला बसला होता.

"पडलो तर पडेन," रोमेड म्हणाला. तो आता रडत होता, पण एकाच डोळ्याने. दुसऱ्या बाजूचा चेहरा ते काम करत नव्हता. "सोमवारी तार उतरवतायत. मंगळवारी मला काय काम आहे? सांग ना. मंगळवारी मला काय काम आहे?"

मी म्हटलं, "गुरुवारी भेटूच की."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कुणी परका माणूस चुकून टेबलाशी येऊन बसावा तसं.

उन्हं कलली तेव्हा बेकरीची गाडी आली. शेवटच्या रात्रीसाठी वर गच्च गर्दी होती. गाडीवाल्याने शेडपाशी पाव उतरवले आणि अंड्यांचे ट्रे. लगेच वरून फोन.

"माणूस नाही तर नाही, माल तरी पाठवा," बुर्गी म्हणाली. तिचाही आवाज बसला होता. "मी एवढ्या लोकांना गोड काय देऊ? मालाला साठ आहे ना?"

मीटरवर बावन्न होता. मालाला साठ होता.

पाळणा एकच. आम्ही पट्टे सोडले, रोमेडला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि बिअरच्या उपड्या क्रेटवर बसवलं. त्याने क्रेट पाळण्याजवळ ओढायला लावला. मग घोंगडी पेटीच्या तळाशी पसरली, तिच्यावर ट्रे एकावर एक ठेवून घेतले, आणि त्याच्याचसाठी आणलेला पट्टा उजव्या हाताने आणि दातांनी आवळून त्यांच्याभोवती बांधला. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, "सरक."

मी किल्ली लावली. पाळणा निघाला. पहिल्या खांबापर्यंत सरळ गेला. दुसऱ्या खांबापाशी वाऱ्याने त्याला धरलं आणि असा झुलवला की कासियान तोंड फिरवून उभा राहिला. पेटी एका बाजूला उचलली गेली, दुसऱ्या बाजूला उचलली गेली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी रोमेडकडे वळून "बघ" असं म्हणणारही होतो. बरं झालं, म्हटलं नाही.

पाळणा खांब ओलांडून गेला, आडोशात शिरला आणि धुराच्या शेजारी दिसेनासा झाला. आम्ही फोनकडे बघत होतो. तो वाजला.

"आलं सगळं!" बुर्गी ओरडली. मागे गिटार चालू होती, माणसं गात होती. "ऐकताय का? एकही फुटलं नाही! सगळे ट्रे बघितले मी, एकसुद्धा नाही!"

तिला आनंद झाला होता. मग बहुधा तिलाही कळलं, कारण ती एकदम थांबली. मागची गाणी ऐकू येत राहिली. मी फोन ठेवला.

कासियानने नाक शिंकरलं आणि रुमालाची बराच वेळ घडी करत बसला. वर सूर्य कड्याच्या कडेला टेकला आणि डोंगरघराची तावदानं पेटल्यासारखी लाल झाली. एवढ्या स्वच्छ हवेत ती मोजता आली असती.

"तुम्ही निघा," रोमेड म्हणाला. "उजेड आहे तोवर झऱ्यापर्यंत पोचाल. गाद्या राखून ठेवल्यात."

"मी नाही जात," कासियान म्हणाला.

मीही नाही म्हटलं. ठरवताना या गोष्टीचा विचार आम्ही केलाच नव्हता. फेब्रुवारीपासून इतकं बोललो, पण कुणी जायचंच नाही हा पर्याय कुणाला सुचला नव्हता.

कासियान गाडी शेडपर्यंत आणायला गेला. मी रोमेडच्या शेजारी उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं, तर तोच बोलला. तो वर बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. समोर रिकाम्या तारेकडे पाहत होता.

"तू बरोबर केलंस, ओस्वाल्ड. मीही हेच केलं असतं."

एवढी वर्षं मी लोकांना टोचणारं लिहून पोट भरलं. कुणी मला इतकं टोचलं नव्हतं. आणि त्याला टोचायचं नव्हतं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. तो फक्त खरं सांगत होता.

आम्ही त्याला गाडीत बसवलं. डावा पाय आत घ्यायला वेळ लागला. तो मी दोन्ही हातांनी उचलून ठेवला. टोपीचं पीस दाराला अडकून मोडलं, ते त्याने काढून खाली टाकलं. मी दार लावणार, तेवढ्यात त्याने काच खाली केली.

"शेडचं शटर नीट लाव," तो म्हणाला. "खालची खिटी घाल. वाऱ्याने रात्रभर आपटतं."

मी परत गेलो, शटर ओढलं, खाली वाकून खिटी घातली आणि ती बसली का ते हलवून पाहिलं. सोमवारी ते सगळं उखडूनच नेणार होते.